सहलीचे पैसे तुमच्याकडेच आहेत, पण मुलाचं नाव पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) आहे का?

केंद्र सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या 67 वर्षांच्या एका वाचकाचं पत्र आहे. पत्नी 62 वर्षांची, मुलगा 29 वर्षांचा. मुलाला 75 टक्के बौद्धिक अपंगत्व आहे. थोरली मुलगी विवाहित आहे आणि भावाची जबाबदारी घ्यायला ती तयार आहे. पेन्शन महागाई भत्त्यासह 46 हजार, ठेवी 22 लाखांच्या. मुलाला रेल्वेचा प्रवास मनापासून आवडतो. वर्षातून दोन सहली आणि महिन्यातून एक दिवस बाहेर, मदतनिसाला सोबत घेऊन, असा सगळा खर्च 1 लाख 20 हजारांवर जातो. त्यासाठी कुठे अनुदान मिळेल का, असं त्यांनी विचारलं आहे. ‘पुढची सोय’ म्हणून दोन आठवड्यांपूर्वी मुलाच्या नावाने एक विमा पॉलिसी घेतली, हे शेवटी जाता जाता लिहिलं आहे.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. सहलीसाठी सरकारी मदत मिळते ती मुख्यतः सवलतीच्या रूपात. बौद्धिक अपंगत्व असलेल्या आणि एकट्याने प्रवास करू न शकणाऱ्या व्यक्तीला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीच्या भाड्यात 75 टक्के सवलत असते, आणि सोबतच्या एका माणसालाही तेवढीच. तुम्ही चौघांचंही पूर्ण भाडं भरता, असं तुमच्या हिशेबावरून दिसतं. सरकारी डॉक्टरचा दाखला रेल्वेच्या नमुन्यात घ्या आणि रेल्वेचं दिव्यांग ओळखपत्र काढा, म्हणजे तिकीट ऑनलाइनही काढता येईल. ग्रामपंचायती आणि महापालिकांनी स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात. तिथे अर्ज करून पाहा, पण त्या भरवशावर सहल ठरवू नका.

खरं तर तुम्हाला अनुदानाची गरजच नाही. पेन्शनचे वर्षाला साडेपाच लाख, ठेवींचं व्याज दीड लाख, म्हणजे एकूण सात लाख. मदतनिसाच्या पगारासह घरखर्च तुम्ही 5 लाख 30 हजार लिहिला आहे. उरतात 1 लाख 70 हजार. सहली त्यात आरामात बसतात. त्या बसेनाशा झाल्या, कारण दीड लाख त्या पॉलिसीच्या हप्त्यात गेले.

दहा वर्षं दीड लाख भरायचे आणि बाराव्या वर्षापासून वीस वर्षं दरवर्षी दीड लाख मिळवायचे. ‘पंधरा लाखांचे तीस लाख’ असं एजंटाने सांगितलं. परतावा काढला तर तो सव्वाचार टक्क्यांच्या आसपास येतो, बँकेतल्या मुदत ठेवीपेक्षाही कमी. पहिले दीड लाख हातात येतील तेव्हा तुम्ही 79 वर्षांचे असाल. मुलाला गाडीत बसवून न्यायचं ते आत्ता, तुमचे गुडघे साथ देत आहेत तोवर. त्या आनंदाचे पैसे बारा वर्षं कुलपात ठेवायला सांगणाऱ्याने तुमचं घर नीट पाहिलंच नाही.

यापेक्षा गंभीर गोष्ट तुम्ही पाठवलेल्या फॉर्मच्या प्रतीत आहे. तुमचं वय जास्त म्हणून विमा उतरवला आहे मुलाचा. विमा कमावत्या माणसाचा असतो, त्याच्यामागे कुणाचं अडू नये म्हणून. इथे मोठी रक्कम मुलगा गेल्यावर मिळणार; त्याला तिचा काय उपयोग? आरोग्याच्या प्रत्येक प्रश्नापुढे ‘नाही’वर खूण आहे आणि खाली मुलाचा अंगठा. अपंगत्व लपवलेला फॉर्म पुढे वादाचं कारण ठरतो, आणि तो वाद घालायला तेव्हा तुम्ही नसाल.

पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च वजा होऊन बाकी पैसे परत मिळतात. तुमचे दोन आठवडे संपले आहेत. लेखी अर्ज थेट कंपनीच्या शाखेत द्या आणि पोच घ्या. एजंटाच्या हातात देऊ नका, तो दिवस काढेल. कंपनीने टाळाटाळ केली तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करा. तिने नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नसते.

आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टीबद्दल. पीपीओची जी प्रत तुम्ही पाठवली, तिच्यात तुमच्यानंतर कुटुंबाला मिळणाऱ्या फॅमिली पेन्शनसाठी फक्त पत्नीचं नाव आहे. स्वतः कमावू न शकणाऱ्या अपंग अपत्याला आईनंतर फॅमिली पेन्शन आयुष्यभर मिळते. 25 वर्षांच्या वयापर्यंतच ती मिळण्याची अट त्याला लागू नाही. शेवटच्या पगाराच्या 30 टक्के म्हणजे तुमच्या पेन्शनच्या साधारण साठ टक्के, आजच्या भत्त्यासह महिना साडेसत्तावीस हजार, वर्षाला 3 लाख 30 हजार. मुलाला ती वीस वर्षं मिळाली तरी आजच्या पैशात 66 लाख होतात, शिवाय महागाईप्रमाणे वाढणारे. एवढी हमी देणारी पॉलिसी बाजारात नाही, आणि हिच्यासाठी हप्ताही नाही.

मुलाचं नाव तुमच्या हयातीतच पीपीओवर घालता येतं. शेवटच्या कार्यालयाच्या प्रमुखाकडे अपंगत्वाच्या दाखल्यासह अर्ज करा, त्याच्या वतीने पेन्शन कोण स्वीकारणार तेही लिहून द्या, आणि दुरुस्त पीपीओ हाती येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. तुमच्यामागे हेच काम मुलीला करावं लागलं तर तिच्या चपला झिजतील.

मुलाचं इतर उत्पन्न त्या फॅमिली पेन्शनपेक्षा कमी असावं लागतं. पॉलिसीचे दीड लाख आणि त्याच्या नावावर येणाऱ्या ठेवींचं दीड लाख व्याज मिळून तीन लाख होतात. मर्यादा 3 लाख 30 हजारांची. व्याजदर थोडा वाढला की हातची पेन्शन धोक्यात. ज्याने ‘स्पेशल मुलांसाठी खास’ म्हणून हे विकलं, त्याने हा नियम उघडून पाहिला असता तर बरं झालं असतं.

‘आम्हीच त्याचे पालक,’ असं तुम्ही लिहिता. कायद्याने ते पालकत्व तो 18 वर्षांचा झाला त्या दिवशी संपलं. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करा. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. तुमच्यानंतर मुलीने पालक व्हायचं आहे, तर हे कागद तिला आत्ताच दाखवून ठेवा. याच न्यासाची ‘निरामय’ ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, तिच्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. तीही घेऊन टाका.

ठेवींवर मुलाला नॉमिनी केलंत, पण त्याला सही करता येत नाही. पैसे बँकेतच अडकतील. दोघांनी मृत्युपत्र करा, त्यात मुलासाठी ट्रस्ट ठेवा, आणि विश्वस्त मुलगी आणि आणखी एक जण असू द्या. मग पैसे त्याच्या नावावर थेट येणार नाहीत. ट्रस्टचं उत्पन्न पेन्शनच्या मर्यादेत कसं धरलं जाईल, हे मात्र मसुदा करणाऱ्या वकिलाकडून लेखी घ्या. वर्षाला दोन रेल्वे सहली आणि त्यासाठी मदतनिसाचा खर्च, हे कलम त्या मृत्युपत्रात स्पष्ट शब्दांत घाला. नाहीतर विश्वस्त औषधपाण्यावर खर्च करतील आणि फिरणं चैन समजून बंद करतील.

सोमवारी विमा कंपनीत जा, त्याच आठवड्यात पीपीओचा अर्ज टाका. दीड लाख परत आले की त्यातून यंदाच्या सहलीचं आरक्षण करा.