गावभर झालेली परवल

साताऱ्याच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. सरकारी कर्मचाऱ्यांसाठीच्या सायबर सुरक्षा प्रशिक्षणात वक्ते म्हणाले, ‘झीरो ट्रस्ट हा आता परवलीचा शब्द झाला आहे.’ तर झीरो ट्रस्टला, म्हणजे आतला माणूस असला तरी पडताळल्याशिवाय पुढे न सोडण्याच्या या पद्धतीला, मराठीत ‘शून्य विश्वास’ म्हणावं की ‘अविश्वास’?

‘अविश्वास’ नको. जिल्हा परिषदेत तो शब्द काढला की लोक ठरावासाठी डोकी मोजायला लागतात. बाकीचं नंतर बघू; आधी त्या वक्त्यांचं वाक्य. ज्याच्यात्याच्या तोंडी असलेला शब्द परवलीचा कसा? परवल म्हणजे पहाऱ्यावर सांगायचा गुप्त शब्द. तो गावभर झाला की मेलाच. सगळे जे घोकतात त्याला पालुपद म्हणा, टूम म्हणा.

आता खरी गंमत. परवल आली ‘पॅरोल’वरून, आणि कैदी सुटतो तो पॅरोलही हाच. मूळ फ्रेंच अर्थ ‘शब्द’, म्हणजे दिलेलं वचन. पलटणीत रोज दोन खुणा ठरत. ‘काउंटरसाइन’ पहाऱ्यावरच्या शिपायांना कळे. ‘पॅरोल’ मात्र गस्तीचे अधिकारी आणि पहाऱ्याचे नायक यांच्यापुरताच. ज्याचं जेवढं काम तेवढंच त्याच्या हाती, आणि साहेब ओळखीचा असला तरी शब्द सांगितल्याशिवाय पुढे नाही. झीरो ट्रस्ट याहून वेगळं काय सांगतं?

सांगलीचे एक निवृत्त प्राध्यापक मला दरवेळी ऐकवतात की परवल पोर्तुगीज ‘पालाव्रा’वरून आली. अहो, लॅटिन ‘पाराबोला’तल्या र आणि ल यांची अदलाबदल होऊन तर पालाव्रा झाला. म्हणजे मराठीने ती अदलाबदल निस्तरून र-ल पुन्हा जागेवर बसवले म्हणायचे! त्यापेक्षा परोलचं परवल सोपं. लवणाचं लोण होताना ‘अव’चा ‘ओ’ होतो, त्याची उलटी वाट. माझा तर्क असा की हा शब्द पेशव्यांचे सरदार परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या छावणीतून आला असावा. १७९०-९१ मध्ये धारवाडच्या वेढ्यात टिपूविरुद्ध भाऊंची फौज आणि इंग्रज कंपनीच्या कॅप्टन लिटलची मुंबईकर पलटण महिनोन्‌महिने शेजारी होती. रात्री एकमेकांच्या चौक्या ओलांडायच्या तर खूण एकच हवी. मग भाऊंच्या तासगावला परतलेल्या शिपायांनी हा शब्द सोबत नेला असेल. कागद दाखवा म्हणाल तर नाही. पण प्राध्यापकांकडे तरी कुठे आहे?

हो, तुमचा प्रश्न. ‘शून्य विश्वास’ही फसवा. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०२० मध्ये दिलेला अर्थ एवढाच, की कोणी कचेरीतल्या नेटवर्कवर बसलाय म्हणून त्याच्यावर विश्वास गृहीत धरायचा नाही. विश्वास ठेवायचा, पण पडताळून, आणि पुन्हा पुन्हा. म्हणून मी ‘नित्य पडताळणी’ म्हणेन. २०२२ च्या जानेवारीत तिथल्या केंद्रीय खात्यांना आलेल्या आदेशात तर ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायची सक्ती काढून टाका असंच म्हटलंय. रोज बदलणाऱ्या परवलीचे दिवस तिथेही सरले.

आणि ‘आयडेंटिटी मॅनेजमेंट’ला, म्हणजे कोण कोण आहे आणि कोणाला काय उघडता येईल हे सांभाळण्याच्या कामाला, ‘ओळख व्यवस्थापन’ करू नका. आपल्याकडे कचेरीच्या दारात ‘साहेबांशी ओळख आहे का?’ कशासाठी विचारतात, ते साताऱ्यात तुम्हाला मी सांगायला नको.