सगळ्याच गाड्या आवडल्या, म्हणजे टेस्ट राइड झालीच नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूड ते हिंजवडी रोजची ये-जा, महिन्यातून एकदा बायकोला घेऊन वाई, उंची पाच फूट पाच इंच, आणि यादीत रॉयल एनफील्डच्या क्लासिक ३५० आणि हंटर ३५०, होंडाची हायनेस सीबी ३५० आणि ट्रायम्फ स्पीड ४००. चारही दहा-दहा मिनिटं चालवल्या, चारही आवडल्या, आता निवडायची कशी?

अहो, दहा मिनिटांत कुठलीही नवी गाडी आवडतेच. रविवारी सकाळी, शोरूमच्या मागच्या मोकळ्या गल्लीत, धुऊन पुसून ठेवलेल्या गाडीत नावडण्यासारखं असणार काय? म्हणून या वेळी जाताना आवडते का हे बघायला जाऊ नका. कुठे त्रास देते ते शोधायला जा. त्रास प्रत्येकच गाडी देते. तो तुमच्या रोजच्या रस्त्यावर भेटणार की वर्षातून दोनदा, एवढं कळलं की निम्मी यादी आपोआप गळते.

हे मी स्वतः पैसे घालवून शिकलोय. वडिलांची चेतक, मग सेकंडहँड आरएक्स १००, मग बरीच वर्षं स्प्लेंडर, असा माझा प्रवास. हातात थोडे पैसे आल्यावर एक पुढे झुकून चालवायची गाडी घेतली. नाव सांगत नाही, गाडी वाईट नव्हतीच. टेस्ट राइड रविवारची, सकाळी आठची. सोमवारपासून तीच गाडी कर्वे रोडवर संध्याकाळी सात वाजता, दर वीस फुटांवर ब्रेक. पंधरवड्यात मनगटं बोलायला लागली. बायको एकदा मागे बसून सारसबागेपर्यंत आली आणि येताना म्हणाली, "मी रिक्षानं येते." चौदा महिन्यांत गाडी विकली. आणि यातलं सगळं पंधरा मिनिटांत कळण्यासारखं होतं. मी ती पंधरा मिनिटं चुकीच्या वेळी, चुकीच्या रस्त्यावर घालवली.

तेव्हा पहिली गोष्ट वेळ. आठवड्याच्या मधल्या वारी, संध्याकाळी साडेसहा-सातला जा. कोथरूडचं शोरूम सोडा, ऑफिसच्या वाटेवर वाकड-बाणेर बाजूला जे असेल तिथे डेमो मागा. खरेदी पुढे कुठेही करा, त्याचा याच्याशी संबंध नाही. भूमकर चौकातली वीस मिनिटं तुम्हाला त्या गाडीबद्दल जेवढं सांगतील तेवढं यूट्यूबवरचे चाळीस व्हिडिओ सांगणार नाहीत. दसरा-पाडव्याच्या आठवड्यात मात्र जाऊ नका. तेव्हा शोरूमवाल्यांना डिलिव्हरीच्या हारातुऱ्यांतून मान वर करायला फुरसत नसते, तुम्हाला चौकापर्यंत नेऊन परत आणतील. संध्याकाळी जाण्याचा आणखी एक फायदा म्हणजे हेडलाइट कळतो. दिवसा टेस्ट राइड करून गाडी घेतलेल्यांना लाइटचा उजेड पहिल्यांदा दिसतो तो पैसे भरून झाल्यावर.

ट्रॅफिकमध्ये बघायचं काय? माझ्या मते डावा हात. बाकी सगळं नंतर. तुमच्या रस्त्यावर एका फेरीत क्लच शेकडो वेळा दाबला जाणार. लिव्हरपर्यंत बोटं सहज पोचतात का, हाफ क्लचवर गाडी मुंगीच्या पावलांनी जाते की धक्के देते, थांबल्यावर न्यूट्रल पटकन सापडतं का, हे बघा. दहा मिनिटांनी अंगठ्याच्या मुळाशी कळ आली, तर तीच रोज तासाभराने येणार आहे. हात सरावेल म्हणून सोडून देऊ नका. थोडा सरावतो, पूर्ण नाही.

मग एक साधा प्रयोग करा. रस्ता जरा मोकळा मिळाला की तिसऱ्या गिअरमध्ये ताशी वीस-पंचवीसवर या, आणि गिअर न बदलता हलकेच अॅक्सिलरेटर द्या. कुरकुर न करता गाडी उचलली, तर शहरात तुमचा डावा पाय आणि डावा हात दोन्ही वाचले. इथे कागदावरचे आकडे खरंच उपयोगी पडतात, फक्त लोक चुकीचा आकडा बघतात. सगळे बीएचपी, म्हणजे इंजिनची कमाल ताकद विचारतात. तुम्ही टॉर्क (चाक फिरवणारा जोर) किती आणि कितव्या आरपीएमला (मिनिटाला इंजिनच्या किती फेऱ्यांना) ते बघा; जितक्या कमी फेऱ्यांत तो मिळेल तितकं शहरात बरं. सीबी ३५० चा ३० न्यूटन-मीटर टॉर्क ३००० आरपीएमलाच मिळतो. क्लासिक आणि हंटरचं इंजिन एकच, ३४९ सीसीचं, ते २७ न्यूटन-मीटर देतं ४००० ला. स्पीड ४०० कडे ताकद भरपूर, ४० पीएस (बीएचपीसारखंच ताकदीचं माप), म्हणजे या तिघींच्या जवळजवळ दुप्पट. पण तिचा ३७.५ न्यूटन-मीटरचा पूर्ण टॉर्क यायला ६५०० आरपीएम लागतात. बायपासला मजा येईल. भूमकर चौकात ती मजा किती वेळा वाट्याला येते, ते तुम्हीच मोजा.

स्पीड ४०० लिक्विड कूल्ड आहे, म्हणजे इंजिन नुसत्या हवेने नाही, आत फिरणाऱ्या द्रवाने थंड होतं. जॅममध्ये इंजिन तापलं की रेडिएटरचा पंखा सुरू होतो. टेस्ट राइडमध्ये तो सुरू होईपर्यंत परत यायचं नाही. गरम हवा पायावर नेमकी कुठे येते ते एकदा अनुभवा आणि मनात एप्रिल महिना आणा. सगळ्याच गाड्या तापतात, एअर कूल्डसुद्धा. पोटरीला सायलेन्सरची आणि मांडीला इंजिनची धग किती लागते, हे ज्याच्या-त्याच्या उंचीवर असतं. म्हणून मित्राचा अनुभव इथे कामाचा नाही.

उंचीवरून आठवलं. सीटची उंची हंटर आणि स्पीड ४०० ची ७९०, सीबीची ८००, क्लासिकची ८०५ मिलिमीटर. आकड्यांत फरक बोटभर. पण सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि तोच बोटभर फरक दोन बोटांचा होतो. रोजचे बूट घालून, स्वतःचं हेल्मेट घालून बसा (शोरूमचं हेल्मेट कितीजणांच्या डोक्यावरून आलेलं असतं, विचारू नका). सपाट फरशीवर दोन्ही पाय टेकले म्हणून खूश होऊ नका. चांदणी चौकाच्या चढावर सिग्नल नसतानाही थांबावं लागतं, आणि तिथे उजवा पाय ब्रेकवर असताना डावा पाय एकट्याने सगळं पेलतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे गाडीवरून उतरून ती ढकलून बघा. क्लासिक १९५ किलोची, हंटर आणि सीबी १८१ च्या आसपास, स्पीड त्याहून थोडी हलकी. चालताना हे वजन जाणवतच नाही. ते जाणवतं सोसायटीच्या पार्किंगमध्ये, शेजाऱ्याने स्कूटर आडवी लावलेली असते तेव्हा. तुमच्या बिल्डिंगला उताराचं बेसमेंट असेल तर डेमो गाडी घरीच मागवा. बरेच डीलर घरी आणून देतात. रॅम्पवरून एकदा वर-खाली करा आणि मागे घेऊन तुमच्या जागेत लावा. घाम आला तर आलाच, तो तुमचा खरा रिव्ह्यू.

आता वहिनींचा विषय. तुमच्या प्रश्नात त्यांचा उल्लेख शेवटच्या ओळीत आलाय. खरं तर पहिल्या ओळीत यायला हवा होता. दर महिन्याला वाई म्हणजे एका बाजूने नव्वदेक किलोमीटर त्या मागे बसणार आहेत, आणि त्यांना अजून कुठल्याच गाडीवर तुम्ही बसवलेलं नाही. सेल्समन मागे बसतो त्याला डबलसीट टेस्ट म्हणत नाहीत, त्याला कंबरदुखीची तक्रार करायची नसते. त्यांना घेऊन जा. चढता-उतरताना पाय किती वर उचलावा लागतो, फूटरेस्ट इतके उंच आहेत का की गुडघे मुडपून बसावं लागतं, हाताला धरायला नीट काही आहे का, मागच्या सीटवरून पुढे घसरायला होतं का, हे त्या पाच मिनिटांत सांगतील. मग मुद्दाम एखाद्या दणदणीत स्पीडब्रेकरवरून नेहमीच्या वेगाने जा. आपल्याकडे शोधावा लागत नाही. पुढे बसणाऱ्याला तो पायांवर तोलता येतो, मागच्याच्या थेट मणक्यात जातो. हंटर शहरात चपळ आहे, चाकं १७ इंची, वळते छान, पण मागच्या सीटचं मत घेतल्याशिवाय तिच्यावर फुली किंवा टिक काहीच करू नका. आणि साडी नेसून जायचे प्रसंग येत असतील तर एकदा एका बाजूला पाय सोडून बसूनही बघायला सांगा. साडीगार्ड असतो, पण पाय ठेवायला जागा प्रत्येक गाडीत सारखी नसते.

हायवेचं मात्र शोरूमच्या टेस्ट राइडमध्ये काही कळत नाही. सीट खरी बोलायला लागते ती पाऊण तासानंतर. ऐंशी-नव्वदच्या वेगात आरशातली मागची गाडी स्पष्ट दिसते की थरथरते, हँडल आणि फूटरेस्टला मुंग्या येतात का, हेही कात्रज ओलांडल्याशिवाय समजत नाही. यावर माझा एकच उपाय: शेवटच्या दोन गाड्या उरल्या की त्या एकेक दिवस भाड्याने घ्या. पुण्यात भाड्याच्या बाइक मिळतात, काळ्या नंबरप्लेटवर पिवळी अक्षरं असलेल्या. दोघं मिळून वाईला जाऊन या. वाटेतल्या खंबाटकी घाटाच्या चढावर डबलसीट आणि एक बॅग घेऊन ट्रकला ओलांडताना कितवा गिअर लागतो ते बघा. उत्साह असेल तर वाईच्या पुढचा पसरणी घाटही चढा. भाड्याची गाडी थोडी खिळखिळी असते हे धरून चाला. पण सीट, बसण्याची ढब आणि इंजिनाचा स्वभाव तोच असतो. दोन दिवसांचं भाडं जास्त वाटत असेल, तर मी चौदा महिन्यांत किती घालवले ते आठवा.

डेमो गाडीवरून घाईने मत बनवू नका, हेही सांगायला हवं. ती दिवसभर दहाजणांच्या हातची. टायरमध्ये हवा कमी असेल तर हँडल जड लागतं, चेन सैल असेल तर गिअर खटखट करतात, क्लचची केबल नीट लावलेली नसेल तर क्लच कडक वाटतो. शंका आली तर दुसऱ्या डीलरकडे त्याच मॉडेलची दुसरी डेमो बघा. दोन्हीकडे तोच त्रास झाला तर तो गाडीचा. ब्रेक तपासायचा असेल तर मागे-पुढे कोणी नाही बघून, कोरड्या स्वच्छ डांबरावर. मेट्रोच्या कामाजवळच्या खडीवर एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आजमावायचा मोह नको.

निघण्यापूर्वी लायसन्स खिशात हवं आणि गाडीचा इन्शुरन्स चालू आहे का ते विचारा. पडझड झाल्यास खर्च कोणाचा, याचा कागद सहीला पुढे करतात तो वाचा. "आधी बुकिंग करा, मग राइड देतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा.

किमतीचं फार लिहीत नाही. एवढंच, की २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी १८ टक्के आणि त्यावरच्यांवर ४० टक्के आहे, आणि स्पीड ४०० चं इंजिन ३९८ सीसीचं आहे. शोरूमचा बोर्ड बघू नका, ऑन-रोड कोटेशन लेखी घ्या. क्लासिक घेणार असाल तर ट्यूबवाली स्पोकची चाकं की ट्यूबलेस अलॉय, हे व्हेरिएंटप्रमाणे बदलतं, ते विचारून घ्या. रात्री खंडाळ्याच्या पुढे पंक्चर झालं की हा प्रश्न फार मोठा होतो. (साताऱ्याकडचं खंडाळा म्हणतोय, लोणावळ्याचं नाही. तिकडच्या एक्सप्रेसवेवर आपल्या दुचाकींना बंदीच आहे.)

तुमच्या जागी मी असतो तर सीबी आणि क्लासिक शेवटपर्यंत ठेवल्या असत्या आणि निकाल वहिनींवर सोडला असता. एकट्यानेच फिरणार असतात तर वेगळं बोललो असतो.

आणि हो, राइडला निघताना टाकीत पेट्रोल किती आहे ते बघा. डेमो गाडीत ते नेहमी बेताचंच असतं. मी एकदा न बघता लांब गेलो होतो, गाडी ढकलत परत आणली. वजनाची परीक्षा त्याच दिवशी झाली, ती गाडी घेतली नाही.