जुनी उघडी बेंटली घेताय? आधी दार उचलून बघा

अभिनंदन! बेंटली मार्क सिक्स (१९४६-५२), तीही कापडी टपाची, म्हणजे हौसेला मोल नाही. पण चकाकत्या रंगावर भाळू नका, नवशिके तिथेच फसतात.

पहिलं काम दाराचं. कारखान्यातली सलून (बंद टपाची गाडी) पोलादी बॉडीची होती. पार्क वॉर्डसारख्या बॉडी बांधणाऱ्यांच्या बऱ्याच उघड्या गाड्यांत मात्र पत्र्याखाली लाकडी सांगाडा असतो. दार अर्धं उघडा, कडेला धरून हलकेच वर उचला. बिजागरीचा खांबच हलला, तर आतलं लाकूड कुजलंय समजा. मग पत्रा उतरवण्यावाचून गत्यंतर नाही, आणि खिसा रिकामा.

बाकी थोडक्यात:
- पायाशी चॅसिसला (गाडीच्या खालच्या चौकटीला) तेल पोचवणारं छोटं पेडल आहे. गाडी काढताना ते दाबायचं. बरेच जण विसरतात!
- ब्रेकचा सर्वो (ब्रेकला जादा जोर देणारं यंत्र) गिअरबॉक्सवर फिरतो, त्यामुळे अगदी हळू चालताना ब्रेक ढिले वाटतात. बिघाड समजून खोलत बसू नका, अंतर ठेवा.
- सिलिंडर हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे; नुसतं पाणी नको, गंजरोधक कूलंटच भरा.

टप ओला असताना मिटू नका. कार्बोरेटरला सध्या हातही लावू नका, त्याचं नंतर बघू.