गिअरबॉक्समध्ये अठराशे रुपयांची बाटली ओतावी का?

नाशिकच्या एका वाचकांची 2016 सालची डिझेलवरची ऑटोमॅटिक गाडी 1,10,000 किलोमीटर चालली आहे. ताशी 50 ते 70 किलोमीटर वेगात, ॲक्सिलरेटरवर पाय हलका असताना, ती खडीवरून जावी तशी थरथरते. गिअरबॉक्सचे ऑइल आजवर एकदाही बदललेले नाही. गॅरेजने तीन आकडे सांगितले आहेत: घर्षण नियंत्रित करणाऱ्या ॲडिटिव्हची बाटली 1,800 रुपये, ऑइल बदलणे 13,000 रुपये आणि गिअरबॉक्सचे ओव्हरहॉलिंग 1,40,000 रुपये. घरखर्च महिना 38,000 रुपये असून अडीनडीसाठी 2,00,000 रुपयांची मुदत ठेव आहे. बाटलीवर भागवावे, ठेव मोडून एकदाचे काम करून घ्यावे, की बाटली ओतून गाडी विकावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

आपली धास्ती रास्त आहे, कारण पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यात सुमारे 78 पटींचे अंतर आहे, आणि कोणता खर्च योग्य हे गिअरबॉक्सच्या आत नेमके काय झाले आहे यावरच ठरणार आहे. म्हणून आधी ते पाहू.

आपण वर्णन केलेली थरथर बहुधा टॉर्क कन्व्हर्टरमधल्या, म्हणजे इंजिनाची शक्ती ऑइलमार्फत गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या भागातल्या, लॉकअप क्लचची असते; हा क्लच इंजिन आणि गिअरबॉक्स यांना थेट जोडतो. हा क्लच धरताना एकसारखा सरकत धरला जावा, अडकत-सुटत धरला जाऊ नये, यासाठी ऑइलमध्ये घर्षण-नियंत्रक द्रव्ये मिसळलेली असतात. उष्णतेने आणि वापराने ती क्षीण होतात, आणि मग थरथर सुरू होते. त्यामुळे ही बाटली म्हणजे निव्वळ फसवणूक नव्हे. अमेरिकेत 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत याच कामासाठी स्पर्म व्हेलचे तेल वापरले जात असे आणि त्यावर बंदी आल्यावर रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले, इतकी ही गरज खरी आहे. मात्र या द्रव्याचे प्रमाण प्रत्येक गिअरबॉक्सच्या रचनेनुसार ठरलेले असते. फोर्डच्या जुन्या टाइप एफ ऑइलमध्ये ती द्रव्ये मुद्दाम घातलेली नसत, तर जनरल मोटर्सच्या डेक्सरॉनमध्ये ती असत. प्रमाण वाढले की इतर क्लचची पकड सैल होऊ शकते, ते घसरतात, तापतात आणि झिजतात. शिवाय क्लचचे अस्तरच झिजले असेल, तर कोणतेही द्रव्य ते परत आणू शकत नाही.

आपल्याकडे ‘ऑटोमॅटिक’ या एकाच शब्दाखाली चार निरनिराळी यंत्रे विकली जातात, हेही इथे सांगितलेच पाहिजे. एएमटी, म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स पण गिअर आपोआप बदलणारा, अशा गाडीत टॉर्क कन्व्हर्टर नसतोच. सीव्हीटीमध्ये, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या गिअरबॉक्समध्ये, पट्टा आणि पुली यांची पकड घर्षणावरच उभी असते, त्यामुळे तिथे चुकीचे ॲडिटिव्ह घातक ठरू शकते. ड्राय क्लचच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्समध्ये क्लच ऑइलात बुडालेलाच नसतो. आपली गाडी टॉर्क कन्व्हर्टरची आहे, याची गाडीच्या मॅन्युअलमधून आधी खात्री करा.

आता पैशांकडे येऊ. माझ्या मते बाटलीचे 1,800 रुपये हा दुरुस्तीचा खर्च नसून मुदत विकत घेण्याचा खर्च आहे. येत्या महिन्या-दोन महिन्यांत ऑइल बदलायचेच आहे, फक्त आज रोख हाताशी नाही, अशी स्थिती असेल तरच ती घेण्यात अर्थ आहे. थरथर थांबली, तर दोष बहुधा ऑइलचा आहे एवढे त्यातून कळते. पण थरथर थांबल्यावर माणूस ऑइल बदलणे विसरतो, जुने ऑइल आत तसेच राहते आणि स्वस्त उपाय तिसऱ्या आकड्याच्या दिशेने नेतो, ही माझी खरी काळजी आहे.

आपल्या बाबतीत ठेवीला हात न लावता 13,000 रुपये दोन महिन्यांच्या खर्चातून काढणे शक्य दिसते, म्हणून बाटली वगळून थेट ऑइल बदलावे, असे मी सुचवतो. कंपनीने सांगितलेल्या प्रतीच्या नव्या ऑइलमध्ये घर्षण-नियंत्रक योग्य प्रमाणात असतातच. वर आणखी ओतण्याची गरज नाही. गॅरेजला एक गोष्ट लेखी विचारा: या रकमेत ऑइल किती लिटर आणि किती वेळा बदलणार? प्लग उघडून काढल्यास साधारण तिसरा हिस्सा ते निम्मेच ऑइल बाहेर येते, उरलेले टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये राहते. काही दिवस गाडी चालवून दुसऱ्यांदा बदलले, तर त्याचा खर्चही आजच हिशेबात धरा.

ओव्हरहॉलिंगसाठी ठेव मोडू नये. मोडल्यास बँक सहसा व्याजदर अर्धा ते एक टक्का कमी करते, ते नुकसान किरकोळ आहे. पण हाती 60,000 रुपये, म्हणजे दोन महिन्यांचाही घरखर्च उरणार नाही, आणि हे मला अजिबात मान्य नाही. ऑइल बदलूनही थरथर राहिली, तर आणखी खर्च करण्याआधी दुसऱ्या गॅरेजकडून टॉर्क कन्व्हर्टरपुरत्या कामाचा वेगळा अंदाज घ्या आणि तो गाडीच्या आजच्या बाजारभावाशी ताडून पाहा.

बाटली ओतून विकण्याचा विचार मात्र सोडून द्या. माहीत असलेला दोष झाकण्यासाठी मुद्दाम काही करणे हे भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 17 मध्ये कपटाच्या व्याख्येत बसते, आणि घेणारेही आपल्यासारखेच पै-पै जोडून गाडी घेत असतात. विकायचीच असेल तर ऑइल बदलल्याचे बिल दाखवून, थरथर होती हे सांगून विका. किंमत थोडी कमी आली तरी चालेल.

ऑइल काढतील त्या वेळी स्वतः गॅरेजमध्ये उभे राहा. ते नुसते काळपट असेल तर पुढचे काम करू द्या. त्याला जळका वास येत असेल किंवा पॅनमध्ये धातूचा चुरा दिसत असेल, तर फोटो काढा, नवे ऑइल भरण्याआधी काम थांबवा आणि दुसऱ्या जाणकाराला ते दाखवा.