ताई, अंगण खरंच वाकडं आहे

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा लातूरला कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, मागच्या सेमला 68 टक्के, घरात चुलतभावाने दिलेला 2018 चा लॅपटॉप, इंटेलचा आय5 प्रोसेसर, आठवी जनरेशन, 4 जीबी रॅम, 1 टीबीची हार्ड डिस्क. मुलाला ऐंशी हजाराचा गेमिंग लॅपटॉप हवाय, मिस्टर म्हणतात आधी 75 टक्के आण मग बघू, आणि तुम्ही विचारताय की रॅम वाढवून भागेल का नवीनच घ्यावा. रॅमचं सांगते, पण आधी दुसरंच बोलायचंय.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की तो सकाळी लॅपटॉप चालू करतो, आंघोळीला जातो, आवरून येतो तरी स्क्रीनवर ते गोल फिरतच असतं. आणि सबमिशनच्या आदल्या रात्री फाइल अडकली तेव्हा बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. तेव्हापासून तो घरात लॅपटॉप उघडत नाही आणि जेवतानाही गप्प असतो. मला 68 टक्क्यांची काळजी नाही वाटली, ह्याची वाटली. कारण ह्या पोराचं अंगण खरंच वाकडं आहे हो, आणि ते त्याला कळतंय पण पटवून देता येत नाहीये.

मिस्टर अडत दुकानात दिवाणजी आहेत ना? मग त्यांना एवढंच विचारा, पहिल्या दिवशी शेठजी म्हणाले असते की आधी वर्षभर बिनचूक हिशोब लिहून दाखव मग खतावणी देतो, तर लिहिणार कशावर होते? लॅपटॉप ही कॉम्प्युटरच्या मुलाची वही आहे. बक्षीस म्हणून घड्याळ द्या, सायकल द्या, वही कुणी बक्षीस म्हणून देतं का? प्रोग्रामिंग येतं ते चुकून चुकून, लिहायचं, रन करायचं, एरर वाचायची, दुरुस्त करायचं, परत रन, संध्याकाळभरात वीस-पंचवीस वेळा तरी. ज्याचं मशीन दरवेळी अडकतं तो दोनदा करतो आणि मित्राचा प्रोग्राम जर्नलमध्ये उतरवून मोकळा होतो. 75 टक्के पाठांतराने येतीलही, पण जावा नाही येणार. मिस्टरांची अट नेमकं हेच करायला लावतेय त्याला, म्हणून ती अट आधी काढा. (डिप्लोमानंतर इंजिनिअरिंग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाताना सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा नसते, प्रवेशाच्या कॅप राऊंड डिप्लोमाच्या मार्कांवर होतात, म्हणून टक्के लागतात हे मान्य. पण टक्क्यांना लॅपटॉप बांधू नका.)

आता मशीन. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि डिस्क म्हणजे माळा असं समजा. ओटा एवढासा असला की सारखं माळ्यावर चढून सामान काढा-ठेवा चालू होतं, आणि जुनी फिरती हार्ड डिस्क म्हणजे तर शिडी लावून चढण्यासारखं. म्हणून नुसती रॅम वाढवून उपयोग अर्धाच होईल, हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क बसवा, खरा फरक तिथे पडतो. सोबत रॅम निदान 8 जीबी करा. 2025 च्या शेवटापासून रॅमचे भाव चांगलेच चढलेत, एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी मेमरी उचलल्यामुळे, तेव्हा हात आखडता असेल तर आधी एसएसडी, रॅम पुढच्या महिन्यात. हे सगळं मिळूनही ऐंशी हजाराच्या जवळपास जात नाही. आठव्या जनरेशनच्या प्रोसेसरला विंडोज 11 चालतं हेही तुमच्या बाजूने आहे, कारण विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय. हां, बिजागऱ्या तुटल्या असतील, चार्जिंगचं मदरबोर्डवरच बिघडलं असेल किंवा रॅम बोर्डावरच चिकटवलेली असून जादा स्लॉटच नसेल, तर मात्र त्यात पैसे घालू नका, साधा 16 जीबीचा नवीन बघा.

आणि मुलालाही एक स्पष्ट सांगते, हे त्याला वाचून दाखवा. कोडिंगला गेमिंग लॅपटॉप लागतो हे तुला कुणीतरी वर्गात सांगितलंय आणि ते चूक आहे. तुझ्या डिप्लोमात सी, जावा, पायथन, डेटाबेस आहे, ह्यातल्या एकालाही ग्राफिक कार्ड लागत नाही. मोबाइलची ॲप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ तेवढा जड आहे, तो 8 जीबीवर कुरकुरेल, पण एमुलेटर, म्हणजे स्क्रीनवरचा नकली फोन, न वापरता केबल लावून स्वतःच्या फोनवर ॲप चालवून बघ, काम होतं. मशीन लर्निंग करायचंय म्हणतोस तर गूगल कोलॅब ह्या वेबसाइटवर जीपीयू, म्हणजे ग्राफिक कार्डाची ताकद, इंटरनेटवरून फुकट मिळतो, शिकण्यापुरता भरपूर. गेमिंग लॅपटॉप जड असतो, बॅटरी पटकन उतरते, चार्जर विटेएवढा, रोज एसटीने ये-जा करणाऱ्याने ते ओझं कशाला घ्यायचं? गेम खेळायला हवा असेल तर तसं सांग, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण मग अभ्यासाचं नाव नको. नवीन घ्यायचाच तर डिग्रीला गेल्यावर, काय लागतं ते तेव्हा तुलाच कळलेलं असेल.

तर ताई, पतपेढीतून कर्ज काढून नवीन लॅपटॉप घ्यायचा विषय सध्या बंद. आज रात्री मुलाला कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडायला सांगा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर गेलं की स्लॉट किती आणि वापरलेत किती ते दिसतं, आणि डिस्क सारखी 100 टक्क्यांवर दिसत असेल तर मी म्हणतेय ते तुमच्याही डोळ्यांना दिसेल. बाबांना शेजारी बसवून दाखवू दे त्याला. महत्त्वाच्या फाइली आधी पेनड्राइव्हवर घ्या. रविवारी दुकानात बापलेक दोघांनीच जावं, रॅम डीडीआर4 ह्या प्रकारची आहे का ते जुनी काढून खात्री करून मगच घ्यावी, आणि दुकानदाराशी बोलणं मुलाला करू द्या, बाबांनी फक्त पैसे द्यावेत.