रास्पबेरी पाय ३ वर रेट्रोपायचे गेम अडखळतात. ओव्हरक्लॉक करून प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त पळवू की सरळ पाय ४ घेऊ?

तुमच्याकडे पाय ३ आहे, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर बोर्ड, आणि त्यावर जुन्या कन्सोलचे गेम चालवणारं रेट्रोपाय. तुम्ही लिहिलंय की टेकन ३, म्हणजे प्लेस्टेशन १ चा मारामारीचा गेम, खेळताना आवाज तुटतो आणि सुपर निन्टेन्डोचे गेमसुद्धा मधेच जड होतात. शेवटी जाता जाता एक वाक्य टाकलंय: 'कोपऱ्यात पिवळी वीज दिसायची, ती मित्राने सेटिंगमधून घालवून दिली.' बाकीचं नंतर बघू. हा मित्र हिंजवडीला असतो का हो?

माझं इचलकरंजीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. उन्हाळ्यात शिरोळकडून जळक्या मोटरी येतात, त्यातल्या बऱ्याचशा एकाच दुखण्याच्या. डीपीपासून शेत लांब, वायर बारीक, टोकाला व्होल्टेज पडलेलं. पाणी तर तेवढंच उचलायचंय, मग मोटर करंट जास्त खाते आणि तापते. स्टार्टर ट्रिप होतो, ते त्याचं कामच आहे. पण मालकाला उसाला पाणी पाजायचं असतं, तो स्टार्टरच्या बटणात काडी खुपसतो, म्हणजे पडायची भानगडच नको. चार दिवसांत मोटर टेम्पोत घालून माझ्या दारात. करपलेल्या वार्निशचा वास ती उतरवायच्या आधीच येतो.

हे एवढं माहीत असून मी स्वतः काय केलं ते ऐका.

२०१९ ची दिवाळी महिन्यावर आली होती. पाय ३ घेतला, रेट्रोपाय टाकलं आणि बोर्ड जुन्या टीव्ही गेमच्या रिकाम्या डब्यात बसवला. कॅसेट फुंकून खोचायचो ना, तोच डबा. महिनाभर शटर अर्धं ओढून रात्री दुकानात बसत होतो. एका पॅडवर गेम बरे चालायचे. स्क्रीनच्या कोपऱ्यात मधूनच विजेचं पिवळं चिन्ह चमकायचं. आमचे थोरले साडू सॉफ्टवेअरमध्ये, म्हणून त्यांना फोन केला. म्हणाले, "अहो पाव्हणे, तो नुसता वॉर्निंगचा आयकॉन आहे. कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ टाका, 'अव्हॉइड वॉर्निंग्ज' बरोबर १. दिसायचा बंद होईल. आणि वेग हवा असेल तर प्रोसेसरचा क्लॉक १३०० करा." मी दोन्ही केलं. वीज दिसायची बंद झाली. मी खूश.

भाऊबीजेला मिरजेला सासुरवाडीत सगळे जमलो. टीव्हीला जोडलं, पोरं समोर मांडी घालून बसली, आणि पहिला सामना साडू विरुद्ध मी. मी पॉल घेतला. साडूंनी एडी गॉर्डो. ज्यांनी पार्लरमध्ये टेकन खेळलंय त्यांना एडी घेणाऱ्या माणसाबद्दल वेगळं सांगायला नको; किकची दोन बटणं बडवायची, बाकी काही यावं लागत नाही. दुसऱ्या राउंडला गेम गूळ खाल्ल्यासारखा झाला. आवाज खर्रर्र तुटायला लागला, माझा दाबलेला ठोसा अर्ध्या सेकंदाने निघायचा. एडीला काय फरक पडतो? मी तीन शून्य हरलो. साडू पॅड खाली ठेवत सगळ्यांसमोर म्हणाले, "पाव्हणे, हे मोटर गुंडाळण्याइतकं सोपं नसतं. बोर्डातच दम नाही. पाय ४ घ्या." मेहुण्या हसल्या. माझी मुलगी पण हसली.

दुसऱ्या दिवशी दुकानात आलो, डबा उघडला आणि मल्टिमीटर लावला. पिन २ वर लाल, पिन ६ वर काळा. नुसत्या मेन्यूवर ४.८२ व्होल्ट. टेकन लावला, दोन्ही पॅड जोडले: ४.५६. मी हातातला चहा खाली ठेवला. पाय ३ चा फर्मवेअर (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की ते विजेचं चिन्ह दाखवतो, आणि नुसती दाखवत नाही, प्रोसेसरला १२०० मेगाहर्ट्झवरून ६०० वर आणून ठेवतो. म्हणजे निम्मा. साडूंच्या सल्ल्याने मी १३०० केलं होतं, म्हणजे शेकडा ८ वाढ; त्या ८ साठी करंट वाढला, त्या करंटने व्होल्टेज आणखी पडलं. आणि हे सांगणारं जे एक चिन्ह होतं, त्यात मी स्वतःच्या हाताने काडी खुपसून ठेवली होती.

चूक चार्जरचीही नव्हती, मोबाइलचा बरा चार्जर होता. केबलवर बारीक अक्षरात २८ गेज छापलेलं. त्या तारेचा रोध दर मीटर लांबीला साधारण ०.२१ ओहम. १ मीटरची केबल म्हणजे जाऊन-येऊन २ मीटर तांबं, ०.४३ ओहम. १ अँपिअर ओढला की केबलमध्येच ०.४३ व्होल्ट गेले. ५ मधून वजा करा, मल्टिमीटरने जे दाखवलं जवळपास तेच येतं. फोन चार्ज होताना याच केबलचा त्रास कळत नाही, तो जरा हळू चार्ज होतो एवढंच. आणि 'माझा चार्जर २५ वॉटचा फास्ट आहे' हे मला सांगू नका. फास्ट चार्जर व्होल्टेज वाढवतो ते फोनशी बोलणी करून. पाय ३ कसलीही बोलणी करत नाही, त्याला ५ व्होल्टच मिळणार. पाय ३ चा अधिकृत अडॅप्टर ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअरचा असतो आणि त्याची जाड केबल त्यालाच कायमची जोडलेली असते. तो वरचा ०.१ आणि ती जाडी कशासाठी, हे आमच्या धंद्यातल्या पोरालाही कळेल.

आता तुमचं काम. कॉन्फिग फाइलमधली ती ओळ आधी काढा. ओव्हरक्लॉक केलं असेल तर तेही मूळ पदावर आणा. अर्धा तास टेकन खेळा आणि बोर्ड बंद न करता गेममधून मेन्यूवर येऊन एफ ४ दाबा, म्हणजे आदेश टाइप करायच्या कमांड लाइनवर याल. मग 'व्हीसीजेनसीएमडी', जागा सोडून 'गेट_थ्रॉटल्ड' असा आदेश द्या (टाइप अर्थात इंग्रजीत करायचा). उत्तर शून्य एक्स शून्य आलं तर वीजपुरवठा ठीक. ५०००० आलं तर मघाशी व्होल्टेज पडलं होतं, ५०००५ आलं तर आत्ताही पडलेलं आहे. त्याच आदेशात 'गेट_थ्रॉटल्ड'च्या जागी 'मेझर_टेम्प' लिहिलं की तापमान कळतं. ८० अंशांच्या पुढे गेलं की बोर्ड त्या कारणानेही वेग कमी करतो. माझ्या डब्यात हवा जायला फटच नव्हती, खालून ड्रिलने भोकं पाडली आणि चिपवर हीटसिंक चिकटवला. पंखा लावला नाही, गरज पडली नाही.

हे दोन्ही साफ असेल तरच सेटिंगमध्ये हात घाला. पाय ३ ला प्लेस्टेशन १ जड नाही. पीसीएसएक्स रीआर्म्ड हा कोअर, म्हणजे त्या कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्राम (एम्युलेटर), पायसारख्या एआरएम प्रोसेसरसाठीच घासून काढलेला आहे, फक्त त्यातलं 'एन्हान्स्ड रिझोल्यूशन' बंद ठेवा, ते चित्र दुप्पट मापात काढायला लावतं. सुपर निन्टेन्डोला एसनेस९एक्स २०१० घ्या, नवीनपेक्षा हलका आहे. गेम उघडताना राखाडी चौकट येते तेव्हा बटण दाबलं की त्या गेमपुरता कोअर बदलता येतो. योशीज आयलंडसारख्या कॅसेटमध्ये सुपर एफएक्सची वेगळी चिप होती, ते गेम जास्तच खातात, त्यांच्यावरून बोर्डाची परीक्षा करू नका. टीव्हीला १०८० ऐवजी ७२० रिझोल्यूशन द्या. रिवाइंड (गेम मागे नेणं) आणि रन-अहेड (बटणाचा उशीर कमी करणं) या सोयी बंद करा. जुन्या टीव्हीसारख्या रेघा हव्यातच तर सीआरटी-पाय हा शेडर (चित्रावरचा फिल्टर) वापरा, बाकीचे बरेच या बोर्डाला झेपत नाहीत. प्रोसेसरला चार कोअर आहेत (हे कोअर वेगळे) म्हणून फार आशा धरू नका, एम्युलेटरचा मुख्य भार त्यातल्या एकावरच असतो.

आणि गेम युरोपच्या आवृत्तीचा असेल तर तो ५० हर्ट्झचाच आहे. तो हळू वाटणारच, त्याला तुमचा बोर्ड काही करू शकत नाही. अमेरिकेची आवृत्ती शोधा.

मी केबल बदलली नाही, कापली आणि जाड वायर डाखली. तुम्ही हे करू नका, अडॅप्टर विकत घ्या. उलटसुलट जोडलं तर बोर्ड गेला, आणि मग मला शिव्या द्याल. इतके दिवस कमी व्होल्टेजवर चालवलं असेल तर मेमरी कार्डची एक प्रतही काढून ठेवा, सेव्ह केलेले गेम जाण्याआधी.

निन्टेन्डो ६४, ड्रीमकास्ट, पीएसपी मनात असेल तर मात्र पाय ४ घ्या. पाय ३ वर ६४ चे काही गेम ३२०×२४० ला उतरवून चालतात, पण त्यात मजा नाही. इथे साडूंचं बरोबर आहे. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलेलं नाही.

संक्रांतीला ते तिळगूळ द्यायला इचलकरंजीला आले तेव्हा मी मुद्दाम दुकानातच बसवलं. टेबलावर मीटर लावलेला, दोन पॅड, ५.०४ व्होल्ट, हलायला तयार नाही. क्लॉक मूळ १२०० वर. पाच सामने खेळलो, आवाज एकदाही तुटला नाही. साडू मीटरकडे बघून म्हणाले, "म्हणजे केबलच होती होय." एवढंच. एडीने मला तरी तीन दोनने हरवलं, पण त्यात व्होल्टेजचा काही संबंध नव्हता.

'गेट_थ्रॉटल्ड'ला तुमचा आकडा काय येतो तो खाली लिहा. शून्य आला आणि तरीही टेकन अडखळला, तर केबलचं माझं सगळं पुराण सोडून द्या आणि कोअर कुठला निवडलाय ते सांगा. मित्राला विचारून नको, स्वतः बघून.