पऱ्हाटीचा खुंट, विळ्याचा घाव अन् पट्टीची निवड

ताई, पट्टी निवडण्याआधी जखम पाझरते की कोरडी आहे, ते पाहा. घरचे बहुतेक वेळा हळद, चुना भरूनच आणतात. ते सगळं सलाईनच्या धारेनं धुऊन काढा. सलाईन नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात दीड सपाट चहाचा चमचा मीठ. खुंट आत तुटला असेल तर वरून जखम बंद करू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का, ते विचारा.

कापूस थेट जखमेवर नको, तंतू आत राहतात. कोरडा गॉज, म्हणजे पट्टीचं जाळीदार सुती कापड, चिकटतो अन् ओढला की नवं लालचुटूक मांस सोबत येतं. म्हणून तळाला पॅराफिन गॉजचा (मेणचट लेप दिलेल्या, न चिकटणाऱ्या जाळीचा) एक थर, वर गॉजचं पॅड. चिकटलंच तर सलाईननं पाच मिनिटं भिजवा. खूप पाझरणाऱ्या जखमेला अल्जिनेट (समुद्री शेवाळापासून केलेली, ओल शोषणारी पट्टी) बरं, कोरडीला नाही. कडेची कातडी पांढरी, सुरकुतलेली दिसली म्हणजे ओल जास्त झाली. पट्टी लवकर बदला.

शुगरवाल्याच्या तळपायाला कितीही महागडी पट्टी लावा, तो त्याच पायावर वावरात हिंडला तर जखम भरत नाही. पाऊल गार, नाडी लागत नाही, काळं पडलंय किंवा ताप आहे, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवा.